बांगड्या नसलेले हात

हलव्याला काटा आणायचा म्हणजे मंद आचेवरच्या परातीत साबुदाणा घ्यायचा, त्यावर पाकाचा एक चमचा सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. वाळला की परत एक चमचा, परत फिरवायचं. असं तीन-तीन दिवस. बाकीच्या बायका तेव्हा रेडिओ लावतात, नाहीतर भजन म्हणतात. सिंधूअक्का माणसांची नावं घ्यायची. खरंच सांगते! चमचा सोडला की एक नाव. "सासू." फिरव, फिरव, फिरव. चमचा. "मोठा दीर." फिरव. चमचा. "वरणगावचा तो किराणावाला." मला वाटलं जप चाललाय. मी तिच्याकडे भाडेकरू म्हणून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला दार उघडं दिसलं, म्हणून चक्क हात जोडून उंबऱ्यात उभी राहिले, जप संपायची वाट बघत.

तिनं मान वर केली. "काय शे? हात कोणाले जोडस? देव नही अठे."

"अक्का, तुमचा जप चाललाय ना..."

"जप कसला! ज्यांनी ज्यांनी माझं वाकडं केलं त्यांची यादी आहे ही. बस तिकडे. अजून निम्मी बाकी आहे."

ती यादी काही संपली नाही. मी तिच्याकडे तीन वर्षं राहिले, त्यात नावं वाढलीच. एकदा मधले काही दिवस माझंही नाव होतं. ते सांगतेच पुढे. अक्का गेल्या डिसेंबरात गेली, आणि तेव्हापासून ओळखीतले सगळे मला म्हणतात की किती मायाळू बाई होती, सगळ्यांना कसं माफ करून टाकायची. अहो, कोण? आमची सिंधूअक्का? तिनं आयुष्यात एकालाही माफ केलं नाही! आणि हे असं गोड गोड ऐकून ती वर बसून यादीत तुमची नावं घालत असेल. म्हणून मी हे लिहितेय.

मी मूळची भडगावची. लॅब टेक्निशियनची पहिली नोकरी धुळ्याला लागली आणि देवपुरात अक्काची पुढची खोली भाड्यानं मिळाली. मागच्या दोन खोल्यांत ती एकटी. पन्नाशी ओलांडलेली, बारीक, ताठ, कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. बोटांची टोकं बघितली की मात्र दचकायला व्हायचं. पाकाच्या चटक्यांनी कडक झालेली, गुळगुळीत, ठसेच नाहीत. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा लागायचा नाही. तिथला माणूस वैतागला की म्हणायची, "भाऊ, मी चोरी केली तर पोलिसांना सापडणार नाही बघ."

एरवी ती शहरात बोलतात तसंच मराठी बोलायची. चिडली की सरळ अहिराणी. त्यामुळे स्वयंपाकघरातून अहिराणी ऐकू आली की मी आपली खोलीतच थांबायचे.

ती हलव्याचे दागिने करायची. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नवरीला काळी साडी नेसवून घालतात ते पांढरेशुभ्र दागिने. हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, आणि हलव्याचं मंगळसूत्रसुद्धा. शिवाय लहान बाळांच्या बोरन्हाणाचे मुकुट आणि बासऱ्या. धुळ्याची थंडी असली कोरडी आणि कडक की हलव्याला काटा यायचा तो बघत राहावा असा, दाण्यादाण्यावर. अक्काच्या मते मात्र थंडीचा त्यात फार हात नव्हता. "थंडी सगळ्यांनाच वाजते. काटा सगळ्यांना येतो का? राग पाहिजे पोटात. पण तापलेला नको. डब्यात भरून फ्रिजमधे ठेवलेला. बाहेर राहिला की आंबतो."

तिच्या रागाचा कारभार असा थंड डोक्याचा असायचा. शेजारच्या एका सरांनी एकदा गच्चीत परात ठेवू दिली नव्हती, मुंग्या होतात म्हणून. पण दर संक्रांतीला गल्लीत सगळ्यांकडे हलव्याच्या पुड्या जायच्या, त्यात सरांच्या पुडीत काटा न आलेले, गुळगुळीत दाणे. मुद्दाम वेगळे काढून ठेवलेले. मी विचारलं, "अक्का, त्यांना कळतं तरी का?"

"त्यांना कशाला कळायला पाहिजे? मला कळतं ना."

तर माझ्या ताईचं लग्न त्याच वर्षी होऊन ती जळगावला गेली होती. पहिल्या संक्रांतीचे दागिने धुळ्यात गल्ली नंबर पाचमधे एक बुटीक आहे तिथूनच घ्यायचे, असं आईचं ठरलेलं, कारण नाव मोठं. मी ऐटीत डबा घेऊन आले. वर सोनेरी स्टिकर, त्यावर बुटीकच्या मालकीणबाईंचा फोटो आणि खाली 'वर्षाताईंच्या हातचं'. अक्काला दाखवायला गेले. माझ्या घरमालकीणबाई पण असंच काहीतरी करतात, त्यांना बघून आनंद होईल, अशी माझी अक्कल!

अक्कानं झाकण उघडलं. हात लावला नाही, नुसतं बघितलं. "नथीतला मधला मोठा दाणा फोड. आत लवंग निघेल. बाकी सगळे साबुदाण्यावरचे."

मी फोडला. लवंग.

"हाई मना हातनं शे," माझ्या हातचं आहे हे, असं ती म्हणाली आणि दुधाचा गॅस बारीक करायला आत गेली. डब्यावरच्या फोटोकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. तो तिला पाठ होता.

मग हळूहळू सगळं कळलं. अक्काचा नवरा वरणगावच्या फॅक्टरीत कामाला होता. हलव्याची विद्या तिच्या सासूची. लग्न होऊन आलेल्या सिंधूला सासूनं परातीपुढे बसवून, बोटं भाजवून शिकवलं आणि चारचौघांत सांगितलं की माझ्याहून सुनेच्या हाताला काटा चांगला येतो. मग एका दुपारी जेवणाचा डबा खाता खाता नवरा छातीत कळ येऊन गेला. चौदाव्या दिवशी त्याच सासूनं परात उचलून माळ्यावर टाकली. सवाष्णींचं लेणं आहे हे, आता तुझा हात नको.

"दहा वर्षं माझा हात चांगला होता," अक्का सांगायची, "तेरा दिवसांत मना हातले काय व्हयनं?"

शेवटी ती वरणगाव सोडून धुळ्याला आली तेव्हा ती परात घेऊन आली. विचारून नव्हे. "चोरलीच म्हण. बस निघेपर्यंत मांडीवर धरून बसले होते."

धुळ्यात नमुने घेऊन ती वर्षाताईंकडे गेली. वर्षाताई दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड. माल बघून हरखल्याच. मग म्हणाल्या, "अक्का, काम एक नंबर. फक्त तुमचं नाव नको हं कुठे. नव्या नवरीचं लेणं, लोक चौकशी करतात कुणी केलं म्हणून. कळलं ना तर... तुम्हीच समजून घ्या." अक्कानं समजून घेतलं. पोट होतं. सात वर्षं मागच्या दारानं डबे पोचते केले. पुढच्या दारावर वर्षाताईंचा फोटो मोठा होत गेला.

मला ऐकूनच संताप आला. मी म्हटलं, "तुम्ही भांडल्या कशा नाहीत?"

"भांडण एका दिवसात संपतं," अक्का म्हणाली. "मला इतक्या लवकर संपवायचं नाही."

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या वर्षीचा डिसेंबर. एका सकाळी खिडकीतून ऊन असं थेट परातीत पडलं होतं की मी मोबाईल घेऊन धावलेच. अक्का म्हणाली, तोंड नको काढू. म्हणून नुसते हात काढले. पाकाचा थेंब पडतोय, बोटं फिरतायत, दाणे खुळखुळ वाजतायत, आणि एकेका दाण्यावर काटा उभा राहतोय. दीड मिनिटाचा व्हिडिओ, पण बघताना अंगावर शहारा यायचा. वर्षाताईंचा त्याच दिवशी मेसेज होता की ऑर्डरींसाठी कामाचा एखादा व्हिडिओ असला तर पाठवा. अक्काच्या फोनवरचे त्यांचे मेसेज मीच बघायचे. मी पाठवून दिला. अक्काला न विचारता! मला वाटलं, काम बघून तरी ती बाई पाघळेल.

चार दिवसांनी जळगावहून ताईनं मलाच तो व्हिडिओ पाठवला. 'बघ कसला भारी!' वर्षाताईंच्या पेजवर होता. खाली लिहिलेलं, 'माझे हात, माझी परंपरा'. बदामांचा नुसता पाऊस पडलेला.

लपवून ठेवावं असं वाटलं, पण त्या घरात काही लपायचं नाही. अक्कानं माझ्या हातातून फोन घेतला आणि तो व्हिडिओ परत परत बघितला. मग हळू म्हणाली, "नाव नेलं, मी गप्प बसले. नाव काय, कागदावर असतं. हातसुद्धा? मना हात?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी परातीपुढून आवाज आला. चमचा. "वर्षा." फिरव. चमचा. "भडगाववाली."

मी रडायलाच लागले. उंबऱ्यात बसून म्हटलं, "अक्का, माझं नाव काढा ना. काय करू सांगा."

"त्या व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाच."

मी वाचायला लागले. सुंदर, अप्रतिम, ताई तुम्हाला सलाम. मग एकीनं विचारलेलं, 'ताई, हातात बांगड्या नाहीत?' आणि खाली वर्षाताईंचं उत्तर, 'काम करताना काढून ठेवते गं.'

अक्काची बोटं थांबली. काटा येत असताना तिची बोटं थांबलेली मी तेव्हाच बघितली. "परत वाच."

मी परत वाचलं. आणि अक्का हसली. तीन दिवसांनी, तोंडाला पदर लावून, पोट धरून. "स्वतःच लिहिलं तिनं? स्वतःच्या हातानं?"

मला कळेना. तेव्हा तिनं समजावलं. वर्षाताईंचं दुकान कशावर चालतं? सवाष्णीच्या हातचं लेणं, यावर. घेणाऱ्या बहुतेक सासवा. आणि ही लिहून बसली की नवरीचं लेणं करताना मी हातातल्या बांगड्या उतरवते, संक्रांतीच्या तोंडावर, नवरा जिवंत असताना! हात माझे म्हणाली तर सासवा तिला सोडणार नाहीत. माझे नाहीत म्हणाली तर कोणाचे, ते सांगावं लागेल.

"आपण एकही खोटं बोलायचं नाही," अक्का म्हणाली. "फक्त विचारायचं. सगळ्यांसमोर. तू विचारशील."

दरवर्षी संक्रांतीनंतर वर्षाताई बुटीकजवळच्या एका हॉलमधे मोठं हळदीकुंकू करायच्या. त्या वर्षीच्या सगळ्या नवऱ्या दागिने घालून यायच्या, फोटो, बक्षिसं, स्क्रीनवर व्हिडिओ. तिथेच विचारायचं ठरलं. मग मला एकदम लक्षात आलं. "पण अक्का, सगळ्यांना कळलं की हे तुमच्या हातचं आहे, तर तुमच्यासुद्धा ऑर्डरी जातील ना? खाल काय?"

"पोळ्या लाटीन. खानावळी काय कमी आहेत धुळ्यात?" ती परातीकडे बघत म्हणाली. "पण दुसरीच्या नावावर हे हात ठेवून मरणार नाही मी."

मी तर इतकी पेटले होते की म्हटलं, यंदाच्या पाकात थोडं मीठ घालू या, एकदम धमाल येईल. अक्कानं अशी नजर टाकली! "माल खराब करून सूड घेतात ते येडे. यंदाचे दागिने असे झाले पाहिजेत की काढवणार नाहीत अंगावरून." आणि खरंच, त्या वर्षी तिनं नऊ नवऱ्यांचे नऊ साज केले ते बघून मलाच लग्न करावंसं वाटायला लागलं.

हळदीकुंकवाला मी ताईला जळगावहून बोलावून घेतलं. एकटीची छातीच होईना. दुपारची वेळ, हॉल खच्चून भरलेला, अत्तराचा घमघमाट, पुढे नऊ खुर्च्यांवर काळ्या साड्यांतल्या नवऱ्या चांदण्यासारख्या चमकत बसलेल्या. वर्षाताई माईकवर. त्यांचा नवरा साऊंडपाशी उभा, चांगला धडधाकट. स्क्रीनवर व्हिडिओ लागला. अक्काचे हात एवढे मोठे, भिंतभर! टाळ्या पडल्या.

ताईनं मला कोपरानं ढोसलं. मी उभी राहिले. आवाज फाटला माझा. "वर्षाताई, हे तुमचे हात आहेत ना?"

"हो गं, माझेच!"

"मग बांगड्या कुठे आहेत?"

"अगं, काम करताना काढते ना..."

पुढच्या रांगेत जांभळ्या पैठणीतल्या एक काकू बसल्या होत्या, त्यांची सून त्या नऊ जणींत. त्यांनी मान वळवली. "काढते? सगळ्या?"

"पाकात बुडतात हो, काकू."

"आमच्यात बाळंतपणात नाही उतरवत, आणि तू पाकासाठी उतरवतेस? आमच्या सुनेचं लेणं करताना?"

"काचेच्या नाही, तर निदान सोन्याची एखादी?" मागून कुणीतरी म्हणालं.

"तुझा नवरा उभा आहे ना गं तिथं!" अजून एक आवाज.

बायका एकदम बोलायला लागल्या. वर्षाताईंनी माईक या हातातून त्या हातात घेतला, दोन्ही मनगटांतल्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या, आणि त्या घाबरून बोलून गेल्या, "अहो, ते माझे नाहीतच! आमच्याकडे एक बाई येते कामाला, तिचे आहेत."

"कोण बाई?"

"आहे एक..."

"बाईला नाव असतं, वर्षाताई. घ्या की." हॉलच्या मोठ्या दारात अक्का उभी होती. नवरा गेल्यापासून तिनं कुणाच्या हळदीकुंकवात पाऊल टाकलं नव्हतं. नेहमीचीच राखी साडी. दोन्ही हात तिनं वर केले, मोकळी मनगटं सगळ्यांकडे करून. "हाई दखा. ते हात."

मग पैठणीवाल्या काकू उठल्या, सुनेपाशी गेल्या आणि तिच्या गळ्यातला हार असा खेचला की दोराच तुटला. हलवा फरशीवर टणटण उडत गेला.

"काढा," अक्का म्हणाली. आवाज चढला नाही, पण मला शेवटच्या रांगेपर्यंत तो लागलेला दिसला. "सात वर्षं सगळ्या धुळ्याच्या सुना मी सजवल्या. काकू, तुमच्या मोठ्या सुनेनं पण मी केलेलंच घातलं होतं. तिचं कसं चाललंय? बरं आहे ना? मग सांगा. कोना नवरा मरना? सांगा!"

कोण सांगणार? सगळ्यांचे नवरे आपापल्या दुकानात, ऑफिसात, घरी टीव्हीपुढे धडधाकट होते. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक ठेंगणी नवरी होती, तिची सासू तिला खुणावत होती की काढ, काढ. ती मोठ्यानं म्हणाली, "मी नाही काढणार. माझे अजून फोटोच नाही झाले!" आणि हॉल हसला. त्या हसण्यात वर्षाताई माईक टेबलावर ठेवून आत निघून गेल्या. जाताना नाव नाही घेतलं त्यांनी.

जिचा हार तुटला ती पोरगी हुंदके देत होती. अक्का खाली बसली, दाणे वेचले, कमरेच्या पिशवीतून सुईदोरा काढला आणि तिथंच तिचा हार परत ओवून गळ्यात घातला. "तुझ्यावर राग नाही, बेटा. तुझी सासू आलीय यादीत."

रिक्षात मी नाचत होते नुसती. जिंकलो, अक्का, जिंकलो! अक्का बाहेर पांझरेच्या पुलाकडे बघत बसलेली. म्हणाली, "कसलं जिंकलो? 'एक बाई' म्हणाली ती. माझं नाव घेतलं का तिनं? मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे, सगळ्यांसमोर. तोवर काही झालं नाही." आणि मग, "तुझं नाव काढलं बरं का."

पुढच्या वर्षी काय झालं असेल सांगा. वर्षाताईंनी हलव्याचे दागिने बंदच केले. अक्कानं स्वतःच्या नावाची पाटी दारावर लावली, आणि नऊच्या जागी तीन ऑर्डरी आल्या. जांभळ्या पैठणीवाल्या काकूंनी तर गल्लोगल्ली सांगितलं होतं. अक्कानं दुपारी एका खानावळीत खरोखरच पोळ्या लाटल्या, कुरकुर न करता. त्या तिघींत एक त्या ठेंगण्या नवरीची बहीण होती. एक जामनेरच्या शाळेतल्या मॅडम होत्या. त्यांचा पहिला नवरा गेला होता, दुसरं लग्न झालं होतं, आणि ही त्यांची परत पहिली संक्रांत. त्या मुद्दाम अक्काचा पत्ता शोधत आल्या होत्या. त्यांचा साज करताना तीन दिवस अक्कानं एकही नाव घेतलं नाही. तेवढंच.

मी एकदा म्हटलं, आता सोडून द्या ना वर्षाताईंना. ती म्हणाली, "माफ करणं मोठ्या माणसांचं काम. मोठ्या घरात राहतात ती. माझ्याकडे दोनच खोल्या आहेत, त्यात परात मावत नाही धड."

मग माझी बदली जळगावला झाली. फोनवर अक्का ठणठणीत बोलायची, पण मागच्या वर्षी पावसाळ्यापासून पायावर सूज चढायला लागली, आणि डिसेंबरात सरकारी दवाखान्यात दाखल केल्याचा तिच्या शेजारणीचा फोन आला. मी बसनं धुळ्याला गेले. बायकांचा मोठा वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, भेटायच्या वेळेची गर्दी, डबे, पोरं, कलकल. अक्का उशीला टेकून बसलेली, हाताला सलाईन, निम्मी झालेली. कान मात्र शाबूत. चार खाटांपलीकडे नर्स कुजबुजली तरी हिला ऐकू यायचं.

मी तिथे असतानाच वर्षाताई आल्या. हातात संत्र्यांची पिशवी, केस पिकलेले. खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. "अक्का, कशा आहात? आमच्या लेकीचं, स्नेहाचं लग्न झालं मे महिन्यात. तिची पहिली संक्रांत येते आहे. मी म्हटलं सुरतेहून मागवू, तर ऐकत नाही. म्हणते, अक्कांनी केलेलंच घालेन. जरा बरं वाटलं की, छोटासा का होईना..."

अक्का तिच्याकडे शांतपणे बघत होती. "त्या व्हिडिओतले हात कोणाचे होते, वर्षाताई?"

वर्षाताईंनी इकडेतिकडे बघितलं. "तुमचे," त्या पुटपुटल्या.

"ऐकू येत नाही मला हल्ली."

"तुमचे, अक्का."

"नाव घेऊन सांगा. मोठ्यानं."

वर्षाताईंचे डोळे भरले. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. अक्काला? छे. वर्षाताई मोठ्यानं म्हणाल्या, "ते हात सिंधूबाईंचे होते. मी माझे म्हणून सांगितले. दागिने सगळे सिंधूबाई करायच्या, मी नाही."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी भाताचा घास हातात धरून बघायला लागली. झाडू मारणाऱ्या मावशी थांबल्या.

"परत एकदा," अक्का म्हणाली. "त्या दाराजवळच्या बायकांना नाही ऐकू गेलं."

आणि वर्षाताईंनी परत सांगितलं. आडनावासकट. सिंधू रामदास महाजन. अक्कानं डोळे मिटून ऐकून घेतलं ते सगळं, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग डोळे उघडले.

"आणि स्नेहाचा साज..." वर्षाताईंनी पदरानं डोळे पुसत विचारलं.

"तू कर की," अक्का म्हणाली. "सगळ्या धुळ्यानं बघितलंय तुला करताना." आणि माझ्याकडे वळून, चांगल्या खणखणीत आवाजात, "हिले सांग वं, मी झोपेल शे."

मी काय करणार? मी म्हटलं, "अक्का झोपल्यात, ताई." अक्का टक्क डोळ्यांनी बघतच होती. वर्षाताईंनी संत्री खाटेवर ठेवली आणि त्या गेल्या.

त्या दारातून दिसेनाशा झाल्यावर शेजारच्या म्हातारीनं हातातला घास तसाच धरून विचारलं, "कोण व्हती वं ती?"

अक्कानं पिशवीतलं एक संत्रं काढलं, सोलायला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "गिऱ्हाईक."